न झिजलेली नीळ

प्रकाशकांना पोचवायला बाबा कोपऱ्यापर्यंत गेले. पाहुण्याला दारातूनच वाटेला लावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जिन्यावरची काठीची टकटक विरली, खाली फाटक वाजलं, तरी मेजाभोवतीचं कुणी हललं नाही. मग थोरल्यानं कोरणी खाली ठेवली आणि तांब्याच्या पत्र्यावरची भुकटी फुंकत म्हणाला, "घ्या! इतके दिवस मूठ झाकून ठेवली. आता ती उघडून दाखवा म्हणतात."

आत्याबाईंनी मान वर केली नाही. त्यांच्यासमोरच्या कागदावर लिंबाचं पान अर्धं ओलं होतं. ओला रंग कुणासाठी थांबत नाही. मध्येच हात उचलला की कडेला डाग धरतो, आणि तो मग कागदाबरोबरच म्हातारा होतो. त्यांनी रंग पानाच्या टोकापर्यंत नेला, कुंचला धुतला, फडक्यावर टिपला आणि मगच विचारलं, "कधी येणार म्हणाले?"

"उद्या. गाडी घेऊनच येतायत."

"सगळे नमुने नेणार?"

"सगळे. आबांचे, बाबांचे, अगदी परवाच्या एरंडापर्यंत. संग्रहालयात मोठं दालन बांधलंय म्हणे. एका बाजूला नमुना, शेजारी त्यावरून रंगवलेलं पान. येणाऱ्या-जाणाऱ्यानं दोन्ही शेजारीशेजारी बघायचं." थोरला हसला, पण त्या हसण्यात हसू नव्हतं. "आपली अब्रू चौकटीत बसवून भिंतीवर टांगणार."

उत्तरेच्या मोठ्या खिडकीखालचं हे लांब मेज आबांनी, म्हणजे बाबांच्या वडिलांनी, करून घेतलं होतं, आणि मेजाची रीतही त्यांचीच. ग्रंथाच्या प्रत्येक पानावर एक झाड आणि त्या झाडावर जगणारा एक किडा: अंडं, अळी, कोष आणि पंख फुटलेला जीव, सगळं एकाच फांदीवर. घरातल्या कर्त्यानं जिवंत किडा समोर ठेवून चित्र काढायचं आणि रंगवायचं. तो नमुना. थोरल्यानं त्याच्या रेषा तांब्यावर कोरायच्या, छापखान्यातून काळे ठसे यायचे, आणि मग मेजावर एकेक कागद हातोहात पुढं सरकायचा. हिरवा आत्याबाईंचा. तपकिरी आणि पंखांवरची भुकटी सुनेची. पिवळा-तांबडा धाकटीचा. मेजाच्या पायथ्याची शेवटची खुर्ची काळ्या रंगाची. घरात जो सगळ्यांत नवा, तो तिथं बसून मिशा, केस आणि डोळ्यांचे ठिपके द्यायचा. सून या घरात आली तेव्हा तिथंच बसली होती. हल्ली नवं कुणी नव्हतं, म्हणून ते कामही धाकटीच करायची. आणि मेजाच्या माथ्याला, उतरत्या फळीवर, सगळ्यांना दिसेल असा नमुना. प्रत्येकानं त्याच्याकडे बघायचं आणि त्याच्यासारखं करायचं. नमुन्याला प्रश्न नाही, असं आबा म्हणत. पुढं बाबाही तेच म्हणू लागले.

आणि नमुना गेली दोन-तीन वर्षं खोटं बोलत होता.

पहिल्यांदा लक्षात आलं ते आत्याबाईंच्याच. जन्मभर पानंच रंगवलेली बाई. पिवळ्यात नीळ मिसळताना तिचा हात डोळ्यांआधी थांबायचा. एके दिवशी फळीवर नमुना आला आणि त्यातली पानं निळसर होती, उन्हं गेल्यावर दिसतात तशी. त्यांच्या दादाच्या, म्हणजे बाबांच्या, डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा यायला लागला होता. त्याला जग पिवळं दिसायचं, म्हणून हिरवा मळका वाटायचा, म्हणून तो नीळ वाढवायचा. आधी कागदवाल्यावर खापर फोडलं आणि त्या भल्या माणसाला दारातून हाकललं. मग रंगात भेसळ निघाली. मग खिडकीची काच जुनी झाली, तीही बदलली. आपल्या डोळ्यांचं नाव मात्र त्यानं काढलं नाही, आणि दुसऱ्या कुणी काढावं अशी कुणाची छातीही नव्हती.

आत्याबाईंनी तेव्हा नमुन्याकडे बघितलं, खिडकीतल्या फांदीकडे बघितलं, आणि रंग फांदीसारखा मिसळला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नमुना मोडला. कागद मेजावरून फिरून तपासणीला गेला. दादानं तो नमुन्याशेजारी धरला, बराच वेळ धरला, आणि कोपऱ्यात पेन्सिलीची खूण केली. बरोबर आहे. त्या खुणेनंच सगळं सांगितलं. डोळ्यांत पाणी आलं म्हणून आत्याबाईंना पाणी प्यायचं निमित्त करून आत जावं लागलं. त्या दिवसापासून नमुने निळे आणि ग्रंथ हिरवा. लोकांच्या हाती जायचा तो ग्रंथ. नमुने कपाटात.

"मी एक सुचवतो," थोरला आवाज खाली आणत म्हणाला. "बिघडलेले नमुने फार नाहीत. धाकटीचा हात बाबांच्या हातासारखाच चालतो. तिनं आज बसून त्यांच्यासारखेच नवे काढायचे, मी जुने काढून ते गठ्ठ्यात घालतो. बाबांना कळायचं नाही. संग्रहालयाला कळायचं नाही. ज्याचं त्याचं मन राहिलं."

"आणि माझं?" धाकटी म्हणाली. ती खिडकीपाशी जाळीच्या पेटीत ताजी डहाळी ठेवत होती. पेटीतल्या अळ्यांना दिवसभर पाला लागायचा, आणि घरात सगळ्यांत आधी जेवायचा मान त्यांचा असायचा. "मी काढायचं, आणि खाली बाबांचं नाव?"

"घरचंच नाव आहे ना? परक्याचं आहे का?"

"भाऊ, तू पत्र्यावर कोरतोस तेव्हा कोपऱ्यात बारीक अक्षरात काय घालतोस?"

थोरल्यानं पत्रा स्वतःकडे ओढला. प्रत्येक पत्र्याच्या कोपऱ्यात तो आपली खूण कोरायचा, हे पोरगी बरोबर ओळखून होती.

"शिवाय एका दिवसात होणार आहे का ते?" ती पुढं म्हणाली. "चित्र म्हणजे काय भिंतीचा चुना आहे? मी बाबांना सांगणार. सरळ. त्यांनाच ठरवू दे."

"सांग की. आबांना सांगितलं होतं, मग काय झालं ते ठाऊक आहे ना?"

ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण डोळ्यांनी बघितलेल्या आता एकट्या आत्याबाईच उरल्या होत्या. आबांचा हात कापायला लागला होता. रेघ थरथरायची, तरी आबा बसायचे. एके सकाळी दादा, तेव्हा ऐन तारुण्यातला, सगळ्यांसमोर म्हणाला, "आबा, पुरे आता," आणि त्यांच्या बोटांतून कुंचला काढून घेतला. ओढला नाही, हळूच काढला, पण काढला. आबा उठले, पायात जोडा घातला, खोलीत गेले. पुन्हा मेजावर आले नाहीत. त्यांचं जेवण खोलीत जाऊ लागलं, आणि ताटात उरू लागलं. पुढची पानगळ त्यांनी बघितली नाही. तेव्हा भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आत्याबाईंनी मनाशी एक गाठ मारली होती: दादावर ही वेळ आली तर मी येऊ देणार नाही.

"मी बोलू?" सून म्हणाली. इतका वेळ ती पतंगाच्या पंखाला भुकटी देत होती. या घरात तिला बोलायला आधी विचारायची सवय लागली होती. ती सुटली नव्हती.

"बोल ना," आत्याबाई म्हणाल्या.

"मी नवीन होते तेव्हा एका भुंग्याचा ठिपका नमुन्यात चुकलेला मला दिसला. मी तो बरोबर जागी दिला. मामंजींनी कागद फाडला, आणि तुम्ही, आत्याबाई, मला कोपऱ्यात नेऊन म्हणालात, नमुन्याला प्रश्न नाही. मग कितीतरी दिवस मी नुसते कुंचले धूत होते." तिचा आवाज चढला नाही, पण हातातला कुंचला थांबला. "तुमचा हिरवा वेगळा पडतोय हे मला पहिल्या पानालाच दिसलं. मी तुमच्या शेजारी बसते. मला वाटलं, आज ना उद्या म्हणाल, की बाई, तेव्हा आमचं चुकलं. नाही म्हणालात."

इतके दिवस आत्याबाईंना वाटत होतं की हे गुपित आपल्या एकटीच्या कुंचल्यात आहे. खरं तर मेजावरचा प्रत्येक जण डोळे उघडे ठेवून डोळेझाक करत होता.

"चुकलं," त्या शेवटी म्हणाल्या. "तुझा ठिपका बरोबर होता. मला तेव्हाही माहीत होतं."

सुनेनं मान हलवली आणि परत पंखाकडे वळली. डोळे मात्र तिनं बाहीला पुसले.

"मग आता तू कुणाकडून?" थोरल्यानं तिला विचारलं.

"धाकट्या वन्संकडून."

"वा! नवरा उन्हात."

"उन्हात बसा, म्हणजे रंग नीट दिसतील," ती म्हणाली, आणि इतक्या ताणातही धाकटीला हसू फुटलं.

"आत्या, तू तरी माझ्या बाजूनं बोल," थोरला म्हणाला. "तूच तर हे सुरू केलंस."

ते खरं होतं. आत्याबाईंनी तोंड उघडलं. हो म्हणायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. दादानं त्या दालनात जावं, भिंतीवरच्या हिरव्या पानांपुढं उभं राहावं, हे आपले म्हणावं, आणि सुखानं घरी यावं. यात कुणाचं काय जातं? पण तेवढ्यात खाली फाटक वाजलं आणि काठीची टकटक जिना चढू लागली.

"आत्ता कुणी काही बोलायचं नाही," त्या घाईनं म्हणाल्या.

"आत्या—" धाकटी म्हणाली.

"मी सांगते तुला. आत्ता नाही."

बाबा आत आले. अंगानं वाळलेले, पण पाठ अजून सरळ. खुशीत होते. "भला माणूस आहे," ते म्हणाले. "म्हणतो, एवढा ग्रंथ, दोन पिढ्यांत, पण एकाच हाताचा वाटतो. मी म्हटलं, हात दोन आहेत, डोळा एक आहे. आबांचाच." माथ्याच्या खुर्चीत बसून त्यांनी हात चोळले. "लिंबाचं पान झालं का रंगवून?"

"झालं," आत्याबाई म्हणाल्या.

"आण. पान ठेवून बघू."

ही घरची परीक्षा होती. झाडावरचं ताजं पान तोडून रंगवलेल्या पानावर ठेवायचं आणि हातभर लांबून बघायचं. खरं पान कागदात हरवलं तर चित्र पास. धाकटीनं पेटीतून डहाळी काढली. तिच्यावर मोठी हिरवी अळी होती, पानाला पाठ लावून अशी बसलेली की आहे हे ठाऊक असूनही नजर चुकावी. बाबांनी डहाळी हातात घेतली. एक पान तोडून आधी आपल्या नमुन्यावर ठेवलं.

आत्याबाईंनी बघितलं. निळसर कागदावर ते ताजं पान परक्या घरात आलेल्या माणसासारखं दिसत होतं.

"हरवलं," बाबा समाधानानं म्हणाले. मग तेच पान त्यांनी आत्याबाईंच्या कागदावर ठेवलं. तिथं ते खरंच हरवलं. "इथंही हरवलं."

बाबांनी पेन्सिल उचलली, खुणेसाठी कोपऱ्यावर टेकवली, आणि तशीच धरून ठेवली.

"धाकटे," ते म्हणाले, "तुझ्या आत्याची नीळ आण बरं. तिच्या पुढ्यातली वडी. आणि माझी पण."

धाकटीनं आत्याबाईंकडे बघितलं. मग दोन्ही बशा आणून त्यांच्यापुढं ठेवल्या. आत्याबाईंच्या बशीत निळीची वडी होती, कोपरे अजून धड असलेली. दुसरीत तळाला चिकटलेली नुसती चकती. बाबांनी त्या बघितल्या नाहीत. बोटानं चाचपल्या. आधी एक, मग दुसरी.

"एकाच दिवशी आणलेल्या वड्या," ते म्हणाले. "याआधी माझी एक संपून गेली. मी एक नमुना रंगवतो, तू त्यावरून कागदांचा गठ्ठा रंगवतेस. रंग तोच. मग नीळ तुझी संपायला हवी का माझी?"

खिडकीतल्या पेटीत अळ्या पाला खात होत्या. तो कुरकुर आवाज एरवी कुणाच्या कानावर पडत नसे.

"दादा—"

"कधीपासून?"

"एरंडाच्या आधीपासून."

"आधीपासून म्हणजे?"

"तू कागदवाल्याला हाकललंस ना, तेव्हापासून."

बाबांनी डोळे मिटले. "त्याचा कागद चांगला होता," ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, "ही वडी मला पानगळीतच लागली होती हाताला. तू आत गेली होतीस, मला पाणी हवं होतं, तर चुकून तुझी बशी घेतली. तेव्हा वाटलं, म्हातारी हात आखडता घ्यायला लागली. मग रोज चाचपायला लागलो. रोज वाटायचं, आज सांगेल. तू काही सांगेनास."

"कसं सांगू?" आत्याबाई म्हणाल्या. "आबांचं बघितलंय मी. तू कुंचला घेतलास आणि ते माणूस उठून गेलं ते गेलंच. तुझ्या हातून कुणी कुंचला घ्यावा, आणि तोही मी?"

थोरला पुढं झाला. "बाबा, त्यातून मार्ग आहे. धाकटी नवे नमुने—"

"माझ्या नावानं?"

थोरल्यानं मान खाली घातली.

"थोरल्या, तुझा जीव माझ्यावर आहे, म्हणून हे सुचलं तुला. पण हे पान ज्या पोराच्या हाती जाईल ते लिंबाच्या झाडाखाली उभं राहून अळी शोधेल. त्याला खरं सांगायला बसलोय ना आपण इथं? मग कोणी काढलं तेही खरंच सांगायचं." त्यांनी फळीवरचा नमुना उचलला आणि चेहऱ्याजवळ नेला, अगदी नाकाला लागेल इतका. "मला अजूनही चांगला दिसतो हा," ते म्हणाले. "तेच वाईट आहे."

धाकटी त्यांच्या खुर्चीशी येऊन बसली. "ठेवू या ना तो, बाबा. तुम्हाला दिसलं तसं काढलंत."

"ठेव घरात, हवा तर. दालनात नको." ते सुनेकडे वळले. "भुंग्याच्या त्या ठिपक्याचं तू अजून मनात धरलं आहेस ना?"

सून चपापली. "मामंजी, तुम्हाला आठवतं?"

"कागद फाडला की आवाज लक्षात राहतो. दुसऱ्या दिवशी मी तो भुंगा भिंगाखाली बघितला होता." ते थांबले. "तुला सांगितलं नाही. आबांनी मला हेही शिकवलं होतं, की नमुन्याला प्रश्न नाही. ते शिकवायला नको होतं."

मग त्यांनी मेजाच्या कडेला हात टेकले आणि उठले. अगदी असेच आबा उठले होते. असेच हात टेकून, अशीच मान थोडी पुढं काढून. दाराशी बाबांचा जोडा होता. आत्याबाईंनी त्या जोड्याकडे बघितलं, आणि आपण उठून दार लावून घ्यावं असं त्यांना वाटलं.

बाबा दाराकडे गेले नाहीत. मेजाच्या कडेकडेनं, एका हातानं लाकूड चाचपत, ते माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालत आले. आत्याबाईंच्या मागून, सुनेच्या मागून, धाकटीच्या रिकाम्या खुर्चीला वळसा घालून. शेवटची खुर्ची त्यांनी ओढली आणि तिच्यात बसले.

"ही कुणाची नाही ना सध्या?"

सुनेनं काळ्या रंगाची बशी त्यांच्यापुढं सरकवली.

"काळा मला अजून काळाच दिसतो," ते म्हणाले. "पांढऱ्यावर काळा. त्यात नीळ मिसळता येत नाही. धाकटे, तिकडे माथ्याला बस. लिंबाचा नमुना तू काढ, आणि खाली तुझी खूण घाल. थोरल्या, प्रकाशकांना उद्या सांग, शेवटचे नमुने नवे होतायत, थांबा. चिडतील. चिडू देत. एका हाताचा ग्रंथ हवा होता त्यांना, तर म्हणावं, घर एक आहे."

"मी चुकले तर?" धाकटी म्हणाली.

"तर वहिनी सांगेल. आता ती सांगेल." मग ते आत्याबाईंना म्हणाले, "आणि तू. पुढं सरकव तो कागद. इतका वेळ धरून बसलीस, वाळला असेल."

आत्याबाईंनी कागद सरकवला. सुनेनं त्यावर कोष तपकिरी केला, धाकटीनं फुलाच्या पोटात पिवळा दिला, आणि कागद मेजाच्या पायथ्याला पोचला. बाबांनी बारीकातला बारीक कुंचला काळ्यात बुडवला, टोक ओठांवर वळवलं, आणि खाली वाकले. इतके वाकले की कपाळ जवळजवळ कागदाला लागलं. लिंबाच्या पानावर पाठ टेकलेली हिरवी अळी अजून आंधळी होती. त्यांचा हात थोडा घुटमळला.

"कुठंय ग?" त्यांनी विचारलं. "मला पान आणि अळी एकच दिसतंय."

"तशीच असते ती, दादा," आत्याबाई म्हणाल्या. "आम्हालाही तसंच दिसतंय."

त्या उठल्या, शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मनगटाला दोन बोटं लावली. कुंचला घेतला नाही. नुसती बोटं लावली आणि हात केसभर डावीकडे नेला.

"इथं."

बाबांनी ठिपका दिला. पानावरून अळीनं त्यांच्याकडे बघितलं.